प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: बडोद्याच्या एका कारखान्यातून

आधी निकाल सांगून टाकते, कारणं मागून. तीन-चार सर्व्हर, त्यांच्यावर पंधरा-वीस व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक), दीड माणसाचं आयटी खातं आणि प्रत्येक कोटेशनवर 'आ शुं छे?' असं पेन्सिलीने लिहून परत पाठवणारे शेठ, अशी तुमची परिस्थिती असेल तर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, म्हणजे या मशीनच्या प्रती घेऊन सांभाळणारं सॉफ्टवेअर, डोळे झाकून नाही, पण उघड्या डोळ्यांनी जरूर घ्या. अट एकच. तुमची मशीनं प्रॉक्समॉक्सवरच (त्याच कंपनीच्या, व्हर्च्युअल मशीनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालत असली पाहिजेत किंवा तिकडे नेण्याची तयारी पाहिजे. व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही ही तशीच दुसरी सॉफ्टवेअरं सोडायचीच नसतील तर हे तुमच्या कामाचं नाही, कारण तिथल्या मशीनचा थेट बॅकअप हे घेत नाही.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचा कारखाना. ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या आणि रेडिएटर बनवतो. आयटी मी बघते, म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून ईआरपीपर्यंत (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) जे जे वायरीला जोडलेलं आहे ते सगळं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरचा ईआरपी, टॅली, ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर, सगळ्यांची लॉगिनं सांभाळणारा डोमेन कंट्रोलर, अंगठ्याच्या हजेरीचं मशीन आणि अशाच चिल्लर गोष्टी मिळून तीन टेराबाइटच्या आसपास माल. कंपनी फार मोठी नाही, पण ईआरपी बंद पडला की गेटपास निघत नाही, गेटपास निघाला नाही की ट्रक उभा राहतो आणि ट्रक उभा राहिला की शेठ स्वतः सर्व्हर रूमच्या दारात येऊन उभे राहतात.

पूर्वी सगळं व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर होतं. रात्री एक स्क्रिप्ट पूर्ण मशीनं एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कांच्या पेटीवर) ओतायची आणि शनिवारी एक यूएसबी डिस्क अकाउंट्समधल्या एका काकांच्या पिशवीतून त्यांच्या घरी जायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. मग ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून सगळा कारभार वार्षिक वर्गणीवर नेला. आमच्याकडची आवृत्ती ७ होती, तिची सर्वसाधारण मदत २ ऑक्टोबर २०२५ला संपणार हेही जाहीर होतं. तेव्हा हलायचं तर होतंच, फक्त कधी हा प्रश्न होता.

तो प्रश्न विश्वामित्रीने सोडवला. ऑगस्ट २०२४च्या शेवटी नदीने २६ फुटांची धोक्याची रेघ ओलांडली आणि पाणी पस्तीस फुटांच्याही वर गेलं. बडोद्याच्या लोकांना तो आठवडा वेगळा सांगायला नको. आमच्या शेडमध्ये पाणी शिरलं नाही, फाटकापर्यंत येऊन थांबलं. पण हिशेब मांडला तेव्हा दिसलं की एनएएस सर्व्हरच्याच रॅकमध्ये, तळमजल्यावर, आणि यूएसबी डिस्क समा भागात काकांच्या घरी, तीही तळमजल्यावर, जिथे खरोखरच पाणी शिरलं. काकांनी आधी देव उचलले, मग गॅस सिलिंडर, मग आमची डिस्क. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे, पण दोन प्रती एकाच नदीच्या मेहेरबानीवर होत्या हे शेठना त्या दिवशी न सांगता समजलं.

कोटेशनं मागवली. एका पुरवठादाराच्या कागदावर सर्व्हरच्या स्क्रूपर्यंत तपशील होता आणि शेवटच्या ओळीत 'बॅकअप सोल्यूशन, नग १'. मशीन परत उभं करायला किती वेळ लागेल, असं विचारल्यावर 'बॅकअप रोज होईल, मॅडम' हे उत्तर आलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तुम्ही कोणाकडूनही काहीही घेत असाल तर हा वेळ लेखी मागा. समोरच्याने तोंड वाकडं केलं तर तेही एक उत्तर समजा.

आता मुद्द्याची वस्तू, जी आम्ही शेवटी घेतली आणि मशीनंही प्रॉक्समॉक्सवर नेली. प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नाची कंपनी, आणि हा बॅकअप सर्व्हर ओपन सोर्स आहे. पहिली आवृत्ती नोव्हेंबर २०२०ची. डेबियन लिनक्सवर बसतो, साध्या सर्व्हरवर चालतो, मशीन किती किंवा टेराबाइट किती यावर पैसे मोजत नाही. काम करण्याची पद्धत समजली तर पुढचं सगळं समजतं, म्हणून थोडं थांबून सांगते. व्हर्च्युअल डिस्कचे ४ मेगाबाइटचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ने ठसा काढतात आणि त्याच ठशाचा तुकडा आधीपासून साठ्यात असेल तर तो पुन्हा ठेवत नाहीत. आमच्याकडे विंडोज सर्व्हरची पाच मशीनं आहेत. त्यांच्यातल्या सिस्टीमच्या फायली बऱ्याच सारख्या, तेव्हा त्यांचे जुळणारे तुकडे एकदाच साठतात. कालची आणि आजची प्रत यांच्यातही बदललेलेच तुकडे नवे. त्यामुळे आमच्या जुन्या एनएएसवर जेमतेम चार-पाच रात्री मावायच्या, तिथे आता तेवढ्याच जागेत रोजच्या, आठवड्याच्या आणि महिन्याच्या प्रती मिळून वर्षभराचा माल बसला आहे.

चालू मशीन आपले कोणते भाग बदलले याची यादी स्वतः ठेवतं, त्यामुळे बॅकअपला सगळी डिस्क वाचावी लागत नाही. ईआरपीचा बॅकअप आम्ही दिवसाही दर दोन तासांनी घेतो आणि जेवणाच्या डब्याचं झाकण उघडेपर्यंत तो संपलेला असतो. एक बारकावा मात्र आहे. मशीन पूर्ण बंद करून चालू केलं (नुसतं आतून रीस्टार्ट नव्हे) की ती यादी जाते. मग पुढचा बॅकअप अख्खी डिस्क वाचतो, पाठवतो मात्र नवे तुकडेच. तेव्हा वीज जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये वेळ वाढलेला दिसला तर घाबरू नका.

दुसरा बारकावा महत्त्वाचा. बॅकअप चालू असताना मशीनला एखाद्या अजून न उचललेल्या भागावर लिहायचं असेल, तर तो जुना भाग आधी बॅकअप सर्व्हरकडे जातो, मगच लिहिलं जातं. बॅकअप सर्व्हर किंवा मधली वायर धिमी असेल तर त्याचा ताण चालत्या मशीनवर येतो. मशीनं चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये एप्रिल २०२४च्या ८.२ आवृत्तीपासून फ्लीसिंग नावाची सोय आहे. तिच्यात तो जुना भाग आधी जवळच्या वेगवान डिस्कवर बाजूला ठेवला जातो. सेटिंगमध्ये एक खूण करायची असते. दिवसा बॅकअप घेणार असाल तर ती केलीच पाहिजे.

खरी मजा परत आणण्यात आहे. मागच्या महिन्यातली गोष्ट. डिझाइनमधले भाई सकाळी सकाळी आले. एका रेडिएटरच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याच ऑर्डरचं ड्रॉइंग सेव्ह झालं होतं आणि लेझर कटिंगला प्लेट चढायची वेळ झाली होती. त्यांना शेजारी खुर्ची दिली. फाइल सर्व्हरचं मशीन निवडलं, बॅकअपच्या यादीतून आदल्या संध्याकाळची वेळ निवडली, 'फाइल रिस्टोअर' दाबलं. काही सेकंद काहीच दिसत नाही, कारण मागे एक चिमुकलं मशीन उभं राहून त्या प्रतीची डिस्क जोडत असतं. मग डिस्कचं नाव येतं, ते उघडलं की पार्टिशन, पार्टिशन उघडलं की ओळखीची फोल्डरं. भाईंनी स्वतः बोट दाखवत ऑर्डर नंबरपर्यंत नेलं, फाइल डाउनलोड केली, उघडली, 'हा, आ ज' म्हणाले आणि गेले. चहा आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. पूर्वी हेच काम अख्खी डिस्क कुठेतरी उतरवून मग त्यातून फाइल शोधायचं होतं, म्हणजे दुपार गेली.

मर्यादा इथेही आहेत. फाइल ब्राउझरमधून उतरते, त्यामुळे विंडोजच्या परवानग्या तिच्यासोबत येत नाहीत. शंभर माणसांच्या परवानग्या असलेलं फोल्डर परत आणायचं तर ही वाट नाही. विंडोजच्या बिटलॉकरने कुलूप लावलेली डिस्कही अशी उघडत नाही. तेव्हा पूर्ण मशीन बाजूला उतरवून घ्यावं लागतं.

अख्खं मशीन गेलं तर लाइव्ह रिस्टोअर. म्हणजे डेटा परत यायची वाट न पाहता मशीन लगेच चालू होतं, लागेल तो तुकडा बॅकअपमधून आधी ओढतं आणि बाकीचे मागे सावकाश येत राहतात. आम्ही ईआरपीवर हे करून पाहिलं, जुन्या मशीनला हात न लावता, रविवारी. लॉगिनची खिडकी काही मिनिटांत आली. पहिले रिपोर्ट रडतखडत निघाले, हे सांगायला हवं, कारण आमचा बॅकअप सर्व्हर फिरत्या डिस्कांचा आहे. पण गेटपास निघत होता. ज्यांना हे वापरायचं आहे त्यांनी एक इशारा ध्यानात ठेवा: डेटा परत येणं पूर्ण व्हायच्या आत ही प्रक्रिया मधेच तुटली तर त्या वेळात मशीनवर जे नवं लिहिलं गेलं ते जातं. म्हणून तेवढा वेळ दोन्ही सर्व्हर यूपीएसवर आणि नेटवर्कच्या वायरीला कोणी हात लावायचा नाही.

दर महिन्याला आम्ही परत आणण्याची चाचणी घेतो, आणि माझ्या मते या वस्तूचा सगळ्यात मोठा फायदा हाच की चाचणी घेणं सोपं झालं. व्हेरिफाय नावाचं काम रोज रात्री तुकड्यांचे ठसे तपासतं, ते ठीक. पण ठसे जुळले म्हणजे टॅली उघडेल असं नाही. म्हणून टॅलीचं मशीन नव्या नंबराने उतरवायचं, 'युनिक'ची खूण करायची म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता नवा मिळतो, आणि ज्याला बाहेरची वायरच नाही अशा ब्रिजला (सर्व्हरच्या आतल्या आभासी नेटवर्क स्विचला) ते जोडायचं. नाहीतर एकाच आयपीची दोन मशीनं एकमेकांच्या अंगावर येतात. मग अकाउंट्सच्या बेनना बोलवायचं. त्या आदल्या दिवशी संध्याकाळी ट्रायल बॅलन्सचं एक पान छापून ठेवतात. पडद्यावरचा आकडा आणि पानावरचा आकडा त्या पेनाने टिकमार्क करत जुळवतात, खाली सही करतात, पान फाइलला. मी शंभर लॉग दाखवले असते तरी ऑडिटरला जे पटलं नसतं ते त्या सहीने पटतं. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत २०२२च्या ऑगस्टपासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज घ्यायचा आणि तो भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा असं आहे, त्यामुळे ऑडिटर विचारतातच.

आता जे हे करत नाही ते. याला डेटाबेसच्या आतलं कळत नाही. विंडोजमध्ये गेस्ट एजंट (मशीनच्या आत बसणारा छोटा मदतनीस प्रोग्राम) टाकला तर बॅकअपच्या क्षणी व्हीएसएस या विंडोजच्याच सोयीमार्फत लिहिणं थोपवून नीट प्रत घेतली जाते, इथवर ठीक. पण 'दुपारी सव्वादोनची स्थिती द्या, त्यानंतर चुकीची एंट्री पडली' असं कोणी म्हणालं तर एसक्यूएलचे स्वतःचे लॉग बॅकअपच (प्रत्येक बदलाच्या नोंदीच्या प्रती) लागतात. ते आम्ही वेगळे घेतो, दर पंधरा मिनिटांनी. एकच टेबल किंवा डोमेनमधला एकच पुसलेला यूजर परत आणायच्या तयार खिडक्या व्हीम या दुसऱ्या कंपनीच्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मशीन वेगळ्या प्रयोगशाळेत आपोआप उठवून तपासण्याची सोयही आहे, जी इथे आम्ही हाताने करतो. व्हीम ऑगस्ट २०२४च्या १२.२ आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्सच्या मशीनचाही बॅकअप घेतं, आणि दहा मशीनपर्यंत त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे. ज्यांच्याकडे सगळी सरमिसळ आहे, थोडं व्हीएमवेअर, थोडं हायपर-व्ही, त्यांनी तिकडेच बघावं. आमची मशीनं दहाच्या वर आणि सगळी एकाच जातीची, म्हणून आम्ही इकडे.

शहराबाहेरची प्रत. हालोलला आमचा डेपो आहे, पावागडच्या पायथ्याशी. विश्वामित्री निघते ती त्याच डोंगरातून, यावर शेठनी विनोद करून घेतला. पण तिचं पाणी साठतं ते इथे खाली, तिथे नव्हे. तिथे दुसरा बॅकअप सर्व्हर ठेवला. पहिली भरपूर मोठी प्रत इंटरनेटवरून पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. दोन्ही सर्व्हर इथे शेजारी ठेवून सिंक करा, म्हणजे एकाचा माल दुसऱ्यावर उतरवा, मग दुसरा गाडीत घालून न्या. त्यानंतर रोज फक्त नवे तुकडे जातात आणि साधी फायबरची लाइन पुरते.

यातली खरी मेख सिंकच्या दिशेत आहे. हालोलचा सर्व्हर इथून ओढून घेतो, इथला सर्व्हर तिथे ढकलत नाही. म्हणजे इथल्या कुठल्याही मशीनवर हालोलचा पासवर्डच नाही. रॅन्समवेअरवाला आत आला तर तो आधी बॅकअप शोधतो आणि पुसतो. त्याला इथून तिकडची चावी मिळता कामा नये. 'इथून नाहीसं झालेलं तिथूनही काढा' ही खूण बंद ठेवायची, नाहीतर ओढण्याचा उपयोग काय? शिवाय मशीनं बॅकअप पाठवतात त्या खात्याला फक्त ठेवायचा आणि परत घ्यायचा हक्क दिला आहे, पुसायचा नाही. अशी भूमिका तयारच मिळते. बॅकअप सर्व्हर विंडोजच्या डोमेनमध्ये नाही, त्याचा पासवर्ड वेगळा, दोन पायऱ्यांचं लॉगिन. तरीही खोटं बोलणार नाही. ज्याच्या हाती त्या पेटीचं रूट खातं, म्हणजे सगळे हक्क असलेलं मुख्य खातं, लागलं तो सगळं पुसू शकतो. लिहिलेलं पुसताच येणार नाही असा कडक साठा हवा असेल तर तो वेगळा उभारावा लागेल.

कुलूपबंद बॅकअपची सोय चांगली आहे. मशीनच्या बाजूलाच एन्क्रिप्शन होतं, त्यामुळे हालोलचा सर्व्हर कोणी उचलून नेला तरी त्याला काही वाचता येणार नाही. पण किल्ली हरवली तर तुम्हालाही येणार नाही. किल्ली क्यूआर कोडसकट कागदावर छापून घेता येते. आमचा कागद शेठच्या तिजोरीत चोपड्यांसोबत आहे, आणि दिवाळीच्या चोपडापूजनाला त्याच्यावरही कुंकू पडलं. क्यूआर वाचला जातो का हे मी दुसऱ्या दिवशी तपासलं. वाचला जातो.

तक्रारी नव्हेत, पण घेण्यापूर्वी माहीत असाव्यात अशा गोष्टी. फिरत्या डिस्का स्वस्त पडतात म्हणून आम्ही त्या घेतल्या, पण लाखो लहान तुकडे शोधणं हे त्यांचं काम नव्हे. कंपनीच्या कागदपत्रांतही एसएसडीच सुचवली आहे. फिरत्याच घ्यायच्या तर झेडएफएसमध्ये (डिस्कांवर फायली मांडण्याची एक पद्धत) निदान मेटाडेटासाठी, म्हणजे कुठला तुकडा कुठे आहे या नोंदींसाठी, दोन एसएसडी जोडीने लावा, साफसफाई आणि पडताळणीचा वेळ बराच कमी होतो. साफसफाईचंही एक वेगळं गणित आहे. जुनी प्रत काढली की जागा लगेच मोकळी होत नाही. गार्बेज कलेक्शन चालावं लागतं, आणि ते गेल्या चोवीस तास पाच मिनिटांत हात लागलेल्या तुकड्यांना सोडून देतं. डिस्क ९५ टक्के भरल्यावर घाईने पुसायला गेलात तर मीटर तसंच राहील आणि तुम्ही घामाघूम. ऐंशीला मेल येईल असं लावून ठेवा.

पैसे. सॉफ्टवेअर फुकट वापरता येतं, मात्र वर्गणी नसेल तर लॉगिन करताना आठवण करून देणारी खिडकी रोज येते आणि तपासून दिलेल्या अपडेटचं भांडार उघडत नाही. आम्ही दोन्ही सर्व्हरची वर्गणी भरतो. थेट घेतली तर बिल युरोत आणि त्यावर रिव्हर्स चार्जचा जीएसटी, म्हणजे कर विकणाऱ्याऐवजी आपणच भरायचा, तेव्हा आधी अकाउंट्सला सांगून ठेवा. भारतातल्या विक्रेत्याकडून रुपयांतही मिळते. सगळ्यात खालच्या वर्गणीत तिकीट काढून मदत मागता येत नाही, आणि वरच्या वर्गणीतली मदतही ऑस्ट्रियाच्या कामाच्या वेळेत मिळते, म्हणजे आपली सकाळ मोकळीच. ज्यांच्याकडे लिनक्सची कमांड लाइन बघून घाम फुटणारा माणूस आहे त्यांनी जवळपास कोणीतरी जाणकार बांधून ठेवावा.

ऑगस्ट २०२५मध्ये बॅकअप सर्व्हरची ४.० आवृत्ती आली, डेबियन १३वर. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत चढवली, आधी हालोलला, मग इथे. तिच्यात एस-थ्री प्रकारच्या क्लाउडवर साठा ठेवायची सोय टेक प्रिव्ह्यू म्हणून, म्हणजे अजून पूर्ण पक्की न झालेली, आली, आणि ते कुठेतरी वाचून शेठनी 'आपलं पण क्लाउडवर टाका' म्हणून मागे लागायला सुरुवात केली आहे. टेक प्रिव्ह्यूवर मी टॅली ठेवणार नाही असं सांगितलं, तरी मुंबईतल्या साठ्याचे भाव मागवले. टाकायचा भाव सगळे मोठ्या अक्षरात देतात. तीन टेराबाइट एका दिवसात परत काढायचे किती, हे विचारणारा मेल सोमवारी पाठवला आहे, उत्तर यायचंय.